आर्केड कॅबिनेटचा झगझगाट कमी करायचाय?

घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधल्यासारख्या उभ्या खेळाच्या कपाटात, वरच्या पाटीमागे एलईडी पट्टी लावली, की उजेड हमखास जास्त होतो. पाटीवरचे रंग फिके पडतात आणि खेळताना डोळ्यांवर तिरीप येते. पट्टी उपटू नका, एक छोटा पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारी नॉबवाली डबी) पुरतो.

१. पट्टी साधी, एकरंगी, १२ व्होल्टची आहे ना, ते बघा. वीज बंद करा.
२. डिमर अडॅप्टर आणि पट्टीच्या मधे जोडा. अडॅप्टरच्या तारा इनपुटला, पट्टीच्या आउटपुटला, अधिक-उणे जुळवून.
३. एरवी खेळताना खोलीत जेवढा उजेड असतो तेवढाच ठेवा आणि मगच नॉब फिरवा. भर दिवसा लावलेला उजेड रात्री पुन्हा टोचतो.

डिमर किती अँपिअरचा घ्यायचा? पट्टीचे एकूण वॅट भागिले १२. म्हणजे २४ वॅटला २ अँपिअर. मी तरी ३ चा घेतो, तापत नाही.

एकेक एलईडीचा ठिपका दिसत असेल तर तो डिमरने जात नाही. त्यासाठी पाटीच्या आतून दुधी अ‍ॅक्रिलिक किंवा बटर पेपर लावा आणि पट्टी शक्य तितकी मागे सरकवा. दोन-तीन सेंटिमीटरनेही फरक पडतो.

एक मात्र सांभाळा: रंग बदलणाऱ्या, प्रत्येक एलईडी वेगळा चालवणाऱ्या पट्टीला हा डिमर लावू नका, आतल्या चिप गोंधळतात. तिचा उजेड कंट्रोलरच्या सेटिंगमधूनच कमी करा.