टॅपेटचा आवाज आणि ऑइलचा दाब : जुन्या व्हॅनची तपासणी

मारुती ओम्नी व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले, तरी बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत भाजी, दूध आणि शाळेची मुले वाहणाऱ्या या गाड्या अजूनही रोज धावतात. अशा गाडीच्या सीटखालून टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, टिक-टिक आवाज येऊ लागला की जाड ऑइल भरण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते हा सल्ला घातक आहे, कारण जाड ऑइलाने आवाज काही दिवस दबतो, पण ऑइलचा दाब कमी झाला असल्यास त्याचे कारणही त्याखाली झाकले जाते.

प्रथम गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पंप हवा ओढतो. वरच्या खुणेच्या बरेच वर असेल तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ते घुसळून फेस करतो, आणि दोन्ही वेळी टॅपेट वाजू शकतात. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे; अशा वेळी ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी विश्वासार्ह ठरत नाही.

त्यानंतर आवाजाची जागा शोधावी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टॅपेट कव्हरवर ठेवून मूठ कानाला लावावी; हात, बाही आणि ओढणी पंख्यापासून व बेल्टपासून दूर ठेवावी. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणून टॅपेटचा आवाज हलका, नियमित आणि इंजिनाच्या निम्म्या गतीचा असतो. एक्झॉस्टच्या जोडाशी काजळी दिसत असेल आणि इंजिन तापल्यावर आवाज कमी होत असेल, तर दोष बहुधा गळक्या गॅस्केटचा असतो, आणि टॅपेट उगाच बदनाम होतात. खालून येणारा जड ठोका, विशेषतः जांबोटी-चोर्ला रस्त्यावरच्या चढात वाढणारा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्या अवस्थेत गाडी चालवू नये.

दाबाची खात्री मात्र गेजनेच (दाब मोजणाऱ्या मीटरनेच) करावी. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब फारच खाली आल्यावर, बहुतेक गाड्यांत सुमारे ०.३ ते ०.५ बारच्या खाली, लागतो. म्हणून दिवा विझलेला असणे म्हणजे दाब पुरेसा असणे नव्हे. ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच छिद्रात गेज बसवावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) व वाढवलेल्या गतीवर, असे दोनदा वाचन घ्यावे, कारण थंड इंजिनातले दाट ऑइल नेहमीच चांगला आकडा दाखवते. दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा ढोबळ अंदाज चालतो. अंतिम निकष त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

दाब योग्य असेल आणि आवाज वरूनच येत असेल, तर ओम्नीसारख्या स्क्रूने जुळवायच्या टॅपेटचा गॅप (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट) फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, तपासावा. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी सर्वांत वर असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच हा गॅप घ्यावा. सीएनजी किंवा एलपीजी किटच्या गाड्यांत व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजून गॅप उलट कमी होतो. अशी गाडी शांत वाजते, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसल्याने जळतो. हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे टॅपेट) असलेल्या इंजिनात गॅप जुळवायचा नसतो. थंड इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद येणारा आवाज तिथे फारसा चिंतेचा नाही; तापल्यावरही तो राहत असेल तर लिफ्टर अडकला आहे किंवा त्याला ऑइल पोहोचत नाही.

तापल्यावर दाब पडत असेल तर आधी फिल्टर, पंपाच्या सक्शनची जाळी आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. ही कामे स्वस्त आहेत. त्यांत दोष सापडला नाही, तर पंपातला आणि बेअरिंगमधला गॅप मोजावा लागतो. क्रँकचे माप मायक्रोमीटरने घेऊन देणारे मशीनचे काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होऊ शकते. ते माप हातात आल्याशिवाय नवीन बेअरिंगची ऑर्डर देऊ नये.