एसयूव्हीमागे ट्रेलर लावायचा असेल तर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी

स्कॉर्पिओ किंवा बोलेरोमागे ट्रेलर लावायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "ओढेल का?" ओढते. आजची कुठलीही टर्बो डिझेल गाडी सपाट हायवेवर टनभर वजन सहज नेते, आणि माणूस तिथेच फसतो. पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या उतारावर तेच टनभर वजन मागून ढकलायला लागलं की गाडी वळणाआधी थांबते का, हे आधी बघायचं. गाडी, हुक, ब्रेक हे सगळं त्या उतारावरून ठरवत यायचं.

सुरुवात वजनापासून करा, आणि वजन अंदाजाने धरू नका. बाजार समिती किंवा साखर कारखान्याच्या आसपास वजनकाटा असतोच. ट्रेलर एकदा रिकामा आणि एकदा नेहमीच्या मालासकट काट्यावर घाला. रताळ्याची ५० किलोची आठ पोती म्हणजे ४०० किलो, त्यात ट्रेलरचं स्वतःचं २५० धरलं तर ६५० झाले. हे जमण्यासारखं आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय ५०० किलोच्या आसपास भरते आणि जनावराचा ट्रेलर मजबूत लागतो म्हणून त्याचे ३५०. हे झाले ८५०. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच हजार किलो. खिलार बैलजोडी आणि ट्रेलर मिळून तेराशेच्या घरात जातात. बैलजोडीसाठी सरळ पिकअप घ्या, मध्यम एसयूव्हीवर तो भार टाकू नये.

युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला मालासकट ७५० किलोची मर्यादा आहे, आणि तो ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जड नसावा असंही बघतात. तवंदी, अनमोड, चोर्ला हे घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत त्यांनी हा आकडा जसाच्या तसा पाळावा. गाडीचं रिकामं वजन आरसीवर असतं. वरच्या हिशेबात रताळी ब्रेकशिवाय जातील, गाय जाणार नाही.

गाडी कोणती?

चॅसीवर बांधलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी. बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, स्कॉर्पिओ-एन आणि थार यांना खाली शिडीसारखी चॅसी असते, त्यामुळे हुकाची फ्रेम सरळ तिच्या दोन पट्ट्यांना बांधता येते. हॅरियर, सफारी, एक्सयूव्ही ७०० यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. तिथे हुक बसवायला कंपनीने आखून दिलेली जागा लागते. ती नसेल तर पत्र्याला छिद्रं पाडून बांधलेला हुक वर्षभरात पत्रा फाडतो.

मागच्या चाकांवरची गाडी का, तेही बघा. ट्रेलरचं तोंड, म्हणजे गाडीला जोडला जाणारा पुढचा भाग, हुकावर दाब देतं तेव्हा गाडीची मागची चाकं जड होतात आणि पुढची हलकी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या चढावर नेमकी तिथे घसरते. तांबड्या चिखलात शेताच्या बांधावरून ट्रेलर काढायचा असेल तर फोर व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर असलेली थार किंवा स्कॉर्पिओ-एन घ्या. लो गिअरमुळे क्लच वाचतो, विशेषतः चढावर रिव्हर्स घेताना.

ताकद बघताना पीएसपेक्षा (हॉर्सपॉवरपेक्षा) टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर बघा. बोलेरोचा २१० न्यूटन-मीटर, स्कॉर्पिओ क्लासिकचा ३००, स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेल मॅन्युअलचा ३७० आणि ऑटोमॅटिकचा ४००. ६००-६५० किलोच्या हलक्या ट्रेलरला आणि गावातल्या गावात बोलेरो पुरते. घाट नेहमीचा असेल तर ३०० च्या खाली जाऊ नका.

गाडी घेण्याआधी मालकाच्या पुस्तिकेतलं ट्रेलरविषयीचं पान वाचा. वजनाची मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची. ट्रेलर ओढू नये असं लिहिलं असेल तर ती गाडी या कामासाठी घेऊच नका; वॉरंटी आणि अपघाताचा क्लेम दोन्हींत ते वाक्य आडवं येतं. बम्परखालचा टोइंगचा हुक बंद पडलेली गाडी ओढण्यापुरता असतो, ट्रेलरला तो चालत नाही.

हुक

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पिन-हुक एसयूव्हीला लावू नका. पिन आणि भोक यांत फट राहते, प्रत्येक ब्रेकला आणि गिअरला धक्का बसतो आणि तो धक्का चॅसीच्या बोल्टवर जातो. गाडीला ५० मिमीचा गोळा आणि ट्रेलरच्या तोंडाला त्यावर पेल्यासारखं बसणारं कपलिंग हीच जोडी वापरा. गोळा दर वर्षी व्हर्नियरने मोजा; ४९ मिमीच्या खाली झिजला की बदलायचा.

उद्यमबागेत किंवा मच्छेला चांगल्या फॅब्रिकेटरकडून फ्रेम करून घेणार असाल तर काम पुढ्यात उभं राहून करून घ्या. चॅसीच्या पट्टीला वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद नरम पडतं आणि तडा तिथूनच जातो. फ्रेम नट-बोल्टनेच बांधायची, शक्यतो कंपनीने चॅसीला ठेवलेल्या भोकांतून. नवीन भोक पाडावंच लागलं तर ते पट्टीच्या उभ्या बाजूला. वरच्या आणि खालच्या कडेला हात लावायचा नाही. बाजूच्या प्लेटी ८ ते १० मिमी जाडीच्या.

आता सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट. चॅसीची पट्टी आतून पोकळ डब्यासारखी असते. तिच्यातून आरपार बोल्ट घालून आवळला तर डबा चेपतो. पाना घट्ट लागतो, काम झालंसं वाटतं, पण महिनाभरात चेपलेला पत्रा आणखी बसतो आणि बोल्ट ढिला होतो. म्हणून डब्याच्या आतल्या रुंदीएवढा जाड पाइपचा तुकडा आत सरकवून बोल्ट त्यातून घालायचा. १२ मिमीच्या बोल्टला आतून १३ मिमीचा पाइप बसतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा असला पाहिजे. नसेल तर तो बोल्ट परत द्या. आवळताना टॉर्क पाना वापरा, १२ मिमीला साधारण ८० आणि १६ मिमीला साधारण २०० न्यूटन-मीटर. पाडलेल्या भोकांच्या कडांना झिंक प्रायमर लावा, नाहीतर खानापूर-जांबोटीच्या पावसात पहिला गंज तिथेच धरतो.

गोळ्याची उंची ट्रेलरवरून ठरवायची. भरलेला ट्रेलर सपाट जमिनीवर लेव्हलमध्ये उभा करा आणि कपलिंगच्या पेल्याचा मध्य जमिनीपासून मोजा. तो ४०० मिमीच्या आसपास येतो. एसयूव्हीची चॅसी त्याहून उंच असते, म्हणून गोळा खाली घेणारी ड्रॉप प्लेट लागते. तोंड वर करून चालणारा ट्रेलर डुलतो.

स्कॉर्पिओ-एनची स्टेपनी खाली लटकते; फ्रेम बसवल्यावर ती उतरवून बघा, अडकत असेल तर फ्रेम बदलायला लावा. स्कॉर्पिओ-एन आणि बोलेरोचं मागचं दार आडवं उघडतं. ट्रेलर जोडलेला असताना ते ट्रेलरच्या तोंडाला टेकूसाठी असलेल्या छोट्या चाकाच्या हँडलला आपटतं का, तेही तिथेच बघून घ्या.

तोंडाचं वजन

ट्रेलर डुलतो तो बहुतेक वेळा तोंडाच्या वजनामुळे. ट्रेलरने हुकावर स्वतःच्या भरलेल्या वजनाच्या ७ ते १० टक्के दाब द्यायला हवा. ६५० किलोच्या ट्रेलरला ४५ ते ६५ किलो. कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, जास्त झाला तर गाडीचं नाक वर होतं, स्टीअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो. काट्यासकट गोळ्याच्या उंचीएवढा होईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा करा, काटा फळीवर ठेवा आणि छोटं चाक उचलून कपलिंगचं तोंड ठोकळ्यावर टेका. ट्रेलर लेव्हलमध्ये हवा. आकडा कमी आला तर माल एक वीत पुढे घ्या आणि परत मोजा. पोती भरताना साधारण ६० टक्के वजन एक्सलच्या पुढे आलं की दाब बरोबर जमतो. हा दाब गाडीच्या भारात धरला जातो हे विसरू नका. सहा माणसं, डिकीत सामान आणि वर ६० किलोचा दाब हे गाडीच्या पूर्ण वजनाच्या मर्यादेत बसलं पाहिजे.

गाईचं तोंड पुढे करून आखूड बांधा आणि मागे आडवा दांडा घाला. ती एक पाऊल मागे सरकली तरी तोंडाचा दाब निघून जातो. चढवण्याआधी ट्रेलरच्या मागे दोन टेकू लावा. ते नसतील तर रॅम्पवर जनावर आलं की ट्रेलर मागे बसतो आणि गाडीचा मागचा भाग उचलला जातो. टाकी असेल तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्या, अर्धी कधीच नाही, आणि आत आडव्या प्लेटी असलेलीच घ्या.

ट्रेलर जोडल्यावर पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजा. ती २५ मिमीहून जास्त वर गेली तर माल पुढे-मागे करून बघा. तरीही राहिली तर मागच्या स्प्रिंगमध्ये हवेचे फुगे घाला, बोलेरोला एक पाटा वाढवा. एवढं करून मागच्या एक्सलची मर्यादा वाढत नाही.

वायरिंग

टेललाइटच्या वायरी सोलून त्यावर ट्रेलरचे दिवे जोडू नका. नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. जादा भार दिसला की वॉर्निंग येते किंवा तो दिवाच बंद होतो. बायपास रिले बसवा: गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घ्यायचा, करंट थेट बॅटरीतून. ब्रेक, पार्किंग आणि दोन्ही इंडिकेटर एकदम लागले तर ट्रेलरचे साधे बल्ब १०० वॉटच्या आसपास, म्हणजे आठ-साडेआठ अँपिअर खेचतात. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच लावा. मेन आणि अर्थ (अर्थिंग) वायर २.५ चौरस मिमीची, बाकी वायरी १ ते १.५ च्या.

सात पिनच्या सॉकेटचा क्रम असा: १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. बाजारात मिळणाऱ्या केबलचे रंग याच्याशी जुळतीलच असं नाही, म्हणून नंबर बघूनच जोडा. इंडिकेटर दिल्यावर सगळेच दिवे मंद लुकलुकत असतील तर बहुतेक वेळा अर्थ खराब असतो. हुकाच्या गोळ्यावरून अर्थ घेतला की हमखास हेच होतं. तिसऱ्या पिनची वायर चॅसीपर्यंत वेगळी न्या.

ब्रेक, साखळ्या, कागद

७५० किलोच्या वर ढकल-ब्रेकचा ट्रेलर घ्या: गाडी थांबली की ट्रेलर कपलिंगचा दांडा आत ढकलतो आणि त्यानेच त्याचे ब्रेक लागतात. त्याला रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारी यंत्रणा हवी, नाहीतर मागे घेताना ट्रेलर अडून बसतो. तुटला तर ब्रेक लावणारी केबल आणि हँडब्रेक हवेतच. दोन साखळ्या कपलिंगखालून एकमेकींना काट मारून जोडा, म्हणजे हुक सुटला तरी तोंड त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच एक वाहन आहे. त्याचं वेगळं पासिंग, वेगळा नंबर आणि विम्यात नोंद लागते. पासिंग न झालेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका; कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला जाताना केए-२२ किंवा केए-२३ च्या गाडीमागे बिननंबरचा ट्रेलर पहिला अडवला जातो. हुक बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. पांढऱ्या पाटीच्या (खासगी) गाडीने भाड्याचा माल न्यायचा नाही.

रस्त्यावर

जोडून कुलूप लावलं की छोट्या चाकाच्या हँडलने ट्रेलरचं तोंड वर उचला. गाडीचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर बरोबर उचलला गेला तर कपलिंग गोळ्यावर नीट बसलंय. तोंड सुटून वर आलं तर ते नुसतं वर टेकलं होतं. याला अर्धं मिनिट लागतं, रोज करा.

हायवेवर ६० च्या पुढे जाऊ नका. ट्रेलर डुलायला लागला तर एक्सलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक दाबला किंवा स्टीअरिंगने सावरायला गेलात तर डुलणं वाढतं. घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. गळीत हंगामात रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि पाचट अडकतं. आठवड्यातून एकदा आतून बाहेर हवा मारा. त्या दिवसांत दिव्याविना चाललेल्या उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, रात्री ट्रेलर न्यायचं टाळा.

रिव्हर्सला हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा; हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरची शेपूट जाते. आखूड ट्रेलर पटकन दुमडतो. तो गाडीला काटकोनात यायला लागला की थांबून पुढे घ्या, जोर लावू नका.

चाक खोललं असेल तर ५० किलोमीटरवर नट परत आवळा. थांबाल तिथे ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबना (मधल्या भागाला, जिथे बेरिंग असतं) हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेरिंग आवळलेलं आहे किंवा ग्रीस संपलंय. चालून तापलेला हब ओढ्याच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात ओढा ओलांडला असेल तर त्याच आठवड्यात हबची टोपी काढून बघा. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर बेरिंग धुऊन नवीन लिथियम ग्रीस भरा आणि सीलही बदला.