गिटार मॉडेलरचा आवाज हेडफोनवर भारी पण स्टेजवर चिरका येते? हे करून पाहा

मॉडेलरवर (अ‍ॅम्प अन् पेडलच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल डबा) घरी हेडफोन लावून बनवलेला डिस्टॉर्शनचा, म्हणजे फाटक्या जोरकस आवाजाचा, प्रीसेट (साठवलेली सेटिंग) गणपतीच्या कार्यक्रमात मोठ्या बॉक्सवर लावला की कानात माशा घोंगावल्यासारखा आवाज येते, आणि पोट्टे लगेच नवीन पेडल घ्यायच्या मागे लागतात. भाऊ, पैसे घालू नका, आधी हे करा.

1. मॉडेलर मिक्सरला जोडलाय तर कॅब सिम (गिटारच्या स्पीकर बॉक्सची नक्कल) चालूच पाहिजे, आणि गिटारच्या अ‍ॅम्पमधी जोडलाय तर बंद. निम्मा त्रास इथंच संपते.

2. कॅब सिमच्या नंतर ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करायची सोय) लावा, लो कट (याच्या खालचा आवाज कापायचा) 80 ते 100 हर्ट्झ, हाय कट (याच्या वरचा कापायचा) 6 किलोहर्ट्झच्या आसपास. गिटारचा खरा 12 इंची स्पीकर 5-6 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, पण डीजेचे बॉक्स सगळं वाजवतात, म्हणून ती चिरचिर. हाय कट हळूहळू खाली आणा आणि चिरचिर गेली की थांबा, जास्त कापला तर गोधडीत गुंडाळल्यासारखा आवाज होते.

3. गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवते तो) घरच्यापेक्षा कमी ठेवा, मिड (बास अन् ट्रेबलच्या मधला आवाज) थोडा वाढवा. एकट्यात बरं नाही वाटणार पण ढोलकी-कीबोर्डमधी गिटार ऐकू येते ते मिडमुळंच.

4. शेवटची सेटिंग मोठ्या आवाजावरच करा, कारण हळू आवाजात बास अन् ट्रेबल कानाला कमी ऐकू येते आणि आपण ते उगाच वाढवून ठेवतो. आमच्याकडं लाइट गेली नसली तर दुपारी साउंडवाल्याला दहा मिनिटं मागून घेतो.

एक सांभाळा, मिक्सरला एक्सएलआर (तीन पिनांची) केबल लावण्याआधी त्या चॅनेलचा 48 व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सर माइकला केबलमधून देते ती वीज) बंद करायला सांगा.