आधी बाळ झोपवा, मग फटका मारा

मी मिरजेजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरी ते चौथीला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातली शेवटची ४० मिनिटं मैदानाची. मुलं २८, बॅटी ४.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना रांगेत उभं करून 'पाय इथं, कोपर तिथं' असं क्रिकेटचं बॅटिंग शिकवलं. एकजण बॅट धरून ऐकतोय आणि बाकीचे मातीत रेघोट्या ओढताहेत. कंटाळून मॅच लावली, तर पहिल्याच चेंडूवर दांडी गुल झालेली पोरं अर्धा तास उन्हात उभी. त्यातच बॅटिंग करणाऱ्याच्या मागे खेटून उभ्या राहिलेल्या एकाच्या भुवईवर बॅट बसली. तेव्हापासून मी तोंड आवरलं आणि शिकवायचं काम खेळाच्या नियमांवर सोपवलं.

आता पहिला नियम सुरक्षेचा. बॅट असेल त्याच्याभोवती चुन्याचं मोठं रिंगण आखायचं, त्यात दुसरं कुणी पाय टाकला की त्याच्या संघाच्या ५ धावा वजा. बॅट हातातून सुटली तरी ५ वजा. रागवावं लागत नाही, मुलं एकमेकांवर लक्ष ठेवतात.

बॅट हलकी हवी. बॅटच्या मुठीवर जो हात वर असतो, त्या एकट्या हातात बॅट धरून ती खांद्याच्या उंचीला समोर करायची आणि पाचपर्यंत मोजायचं. तिसऱ्या अंकालाच ती खाली झुकली तर ती बॅट थोरल्या भावाची आहे, घरी पाठवा. चेंडू टेनिसचा, तोही जुना, केस गेलेला. सीझन बॉलचं, म्हणजे चामड्याच्या टणक चेंडूचं, नाव या वयात काढू नका.

बॅट धरायला शिकवायचं तर ती जमिनीवर पालथी ठेवा आणि 'कुऱ्हाड उचलतात तशी उचल' एवढंच सांगा. अंगठा आणि तर्जनी यांच्यातल्या खाचा दोन्ही हातांच्या आपोआप एका रेषेत येतात. मूल उजव्या हातानं लिहितं म्हणून त्याला उजवं उभं करू नका. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हातानं आणि खेळतो उजव्या. आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना बरोब्बर उलट. दोन्हीकडून पाच-पाच चेंडू मारू द्या, मूल स्वतःच ठरवतं.

आमची पोरं विटी-दांडू खेळून आलेली. नजर तयार, मनगट तयार, पण बॅट मात्र दांडूसारखी आडवीच फिरते. हा आडवा पट्टा सोडवायला मी कडुलिंबाला चेंडू टांगला. जुन्या मोज्यात चेंडू घालायचा, वर गाठ मारायची, नायलॉनच्या दोरीनं फांदीला बांधायचा. उंची गुडघ्याच्या जरा वर. बॅट सरळ आली तर चेंडू समोर जातो आणि त्याच वाटेनं परत येतो. आडवी आली की गिरक्या घेत सुटतो. मग मला काही बोलावं लागत नाही, झाडच सांगतं. जोडीदारानं मोजायचं: सलग किती वेळा सरळ परत आला? दहाच्या पुढे गेलं की नाव फळ्यावर.

माझा सगळ्यात लाडका खेळ 'बाळ झोपवा'. बॅटिंग करणाऱ्याच्या पुढे दोन पावलांवर खडूनं अर्धगोल काढा. आठ पावलांवरून दुसऱ्यानं हाताखालून एक टप्पा चेंडू टाकायचा. तो असा अडवायचा की अर्धगोलाच्या आतच थांबला पाहिजे. थांबला की सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' करायचं आणि २ धावा. बाहेर घरंगळला तर बाळ जागं झालं, शून्य. ज्या मुलाला मी वर्षभर 'खालचा हात सैल सोड' म्हणून दमले होते, त्यानं दुसऱ्याच शनिवारी हात सैल सोडला, कारण घट्ट धरलं की बाळ उठतं. धिप्पाड पोरांना हा खेळ सुरुवातीला आवडत नाही. त्यांना तिसरीतल्या एखाद्या किरकोळ मुलीकडून हरू द्या, मग आवडतो.

नजरेसाठी फार काही करावं लागत नाही. चेंडू जमिनीला लागला की 'टप्पा' आणि बॅटला लागला की 'टक', असं बॅटिंग करणाऱ्यानंच मोठ्यानं ओरडायचं. ओरडायचं तर बघावंच लागतं.

त्यानंतर 'चपलांची वेस'. समोर दहा पावलांवर दोन चपला तीन पावलांच्या अंतरानं ठेवा. त्यांच्या मधून सरपटी गेला तर ४ धावा, हवेतून गेला तर काहीच नाही. पाय पुढे टाकल्याशिवाय चेंडू वेशीतून जात नाही, हे मुलांना चार-पाच चेंडूंत कळतं. जमायला लागलं की वेस थोडी अरुंद करा. दोन चपला उजवीकडे सरकवल्या की तोच खेळ नवा होतो.

शेवटची १५ मिनिटं मॅच, नाहीतर पोरं घरी जाऊ देत नाहीत. पण मॅच जोड्यांची. प्रत्येक जोडीला १२ चेंडू. बाद झालं तर ३ धावा वजा, बॅट सोडायची नाही. धाव घेताना 'हो', 'नाही' किंवा 'थांब' यांपैकी एक शब्द ओरडलाच पाहिजे, न ओरडता काढलेली धाव धरायची नाही. पहिलीतली भावंडं कडेला घुटमळत असतात, त्यांना लिंबूटिंबू म्हणून घ्या: त्यांची धाव धरायची, बाद होणं धरायचं नाही. यावर कुणी 'रडीचा डाव' म्हणालंच तर पुढचा चेंडू त्यालाच टाकायला लावा, तोही हळू.

मॅच संपली तरी दोरी झाडावरून काढू नका. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून मुलं तिथंच पळतात. मोजा मात्र महिनाभरात फाटतो. घरून आणायला सांगाल तर धुतलेला आणायला सांगा, हे मी एकदा विसरले होते.