मील किट लावताय? शिकवणीसारखं लावा

परदेशात येऊन तीन-चार आठवडे झाले की एक संध्याकाळ अशी येते, की फ्रीजमध्ये सामान असतं पण त्याचं करायचं काय ते सुचत नाही. नवं ऑफिस, नवे उच्चार, नवे रस्ते. घरी पोचेपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं. नेमकी तेव्हाच फोनवर जाहिरात येते: मोजूनमापून भरलेलं सामान दारात, सोबत कृतीचं कार्ड, पहिल्या खोक्यावर घसघशीत सूट. आम्ही दोघांनी अशाच एका संध्याकाळी पहिलं मील किट मागवलं. त्यानंतर नव्याने आलेल्या बऱ्याच जणांनी "घ्यावं का?" म्हणून विचारलं, तेव्हा आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो. घ्या, पण किराण्याऐवजी नको. शिकवणी लावतात तसं लावा. दोन-तीन महिने, आठवड्याला दोन किंवा तीन जेवणं, मग बंद. जी मंडळी याला कायमची सोय समजतात ती वर्षभराने खर्च बघून चिडतात. जी मंडळी "खोक्यात इतकं प्लास्टिक!" म्हणून पहिल्याच आठवड्यात सोडतात, त्यांच्या हाती त्यातलं खरं काही लागतच नाही.

प्रकार तसा फार जुना नाही. 2007 मध्ये स्वीडनमध्ये अशा सेवा सुरू झाल्या. तिथे याला मातकासे म्हणतात, म्हणजे अन्नाची पिशवी. 2011 मध्ये बर्लिनमध्ये हेलोफ्रेश आणि 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लू एप्रन निघालं, आणि मग हे लोण बऱ्याच देशांत पसरलं. पद्धत सगळीकडे जवळपास सारखी. किती माणसं आणि आठवड्यातून किती जेवणं ते सांगायचं, यादीतून पदार्थ निवडायचे, ठरल्या दिवशी खोका येतो. भाज्या बहुतेक वेळा अख्ख्या असतात, चिरायचं काम तुमचंच. तेल, मीठ, मिरपूड आणि कधीकधी साखर किंवा लोणी घरात आहे असं धरलेलं असतं. हे कार्डावर बारीक अक्षरात असतं आणि कार्ड येतं खोक्यासोबत, म्हणून या गोष्टी पहिला खोका यायच्या आधीच घरात आणून ठेवा. तेलाची बाटली नाही म्हणून रात्री आठला दुकान शोधत फिरलेला माणूस तुमच्यासमोर हे लिहितोय.

आता पैशांचं. हे कळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. मील किट म्हणजे एका खोक्याची खरेदी नव्हे, ते सबस्क्रिप्शन असतं. तुम्ही काही केलं नाहीत तर पुढच्या आठवड्याचा खोका आपोआप ठरतो, पदार्थही कंपनीच निवडते आणि बँकेच्या कार्डावरून पैसे जातात. नको असेल तर तो आठवडा स्किप करायचा, पण त्यालाही मुदत असते. ही मुदत डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी संपत नाही, बरेच दिवस आधी संपते. आम्ही सूट संपल्यावर "शनिवारी बघू" म्हणालो. मुदत गुरुवारी संपली होती. पूर्ण किमतीचा खोका आला, त्यात आम्ही न निवडलेले तीन पदार्थ, त्यातले दोन माझ्या बायकोला न चालणारे. चूक आमचीच होती. तेव्हा नाव नोंदवल्याच्या क्षणी फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची आठवण लावून टाका. तुलना करतानाही सवलतीची किंमत धरू नका. पूर्ण किंमत घ्या, त्यात डिलिव्हरीचे पैसे मिळवा, मग ताटांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो दुकानातून सामान आणण्यापेक्षा बहुधा जास्त आणि बाहेरून जेवण मागवण्यापेक्षा बहुधा कमी असेल. म्हणून ज्या संध्याकाळी नाहीतर बाहेरूनच मागवलं असतं, त्या संध्याकाळींसाठी किट ठेवा. बाकी दिवशी साधा स्वयंपाक.

एकट्या राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यायचं ते एवढंच, की सगळ्यात छोटा खोका बहुतेक ठिकाणी दोघांचा असतो. तक्रार करू नका, उरलेलं दुसऱ्या दिवशी ऑफिसला न्या.

पत्ता लिहिताना फ्लॅटचा नंबर, दाराचा कोड आणि खोका कुठे ठेवायचा हे सगळं टाका. आमचा एक खोका तळमजल्यावर एका अनोळखी माणसाच्या दारात दुपारभर पडून होता. आत थंड ठेवणारे जेल पॅक असतात, पण तेही काही कायम थंड राहत नाहीत. घरी आल्यावर कपडे बदलायच्या आधी खोका उघडा आणि मांस, मासे, दूध-दह्याचं सामान फ्रीजमध्ये टाका. फ्रीज 4-5 अंश सेल्सियसच्या आत हवा. मांस हाताला कोमट लागलं तर वास घेऊन "ठीक वाटतंय" म्हणू नका, फोटो काढा आणि कंपनीला कळवा. कुठल्या क्रमाने शिजवायचं हेही ठरवून टाका: मासे आधी, मग खिमा, मग चिकन, आणि बटाटा-गाजर-कोबी शेवटी. युरोप, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर पाकिटावरच्या दोन तारखांची गल्लत करू नका. 'युज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, ती ओलांडायची नाही. 'बेस्ट बिफोर' उलटली तर चव किंवा कुरकुरीतपणा जरा कमी, इतकंच.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. यादीवर शाकाहारी पदार्थासमोर असलेल्या हिरव्या पानाच्या खुणेवर विसंबू नका. पहिली गोष्ट, इथल्या शाकाहारात अंडं गृहीत असतं. दुसरी, चीज. बरीच चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने घट्ट करतात, आणि पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज तर नियमानुसार त्यानेच बनवावं लागतं. शाकाहारी पदार्थाच्या यादीत 'इटालियन हार्ड चीज' असं मोघम नाव दिसलं तर त्यामागे बहुधा हेच कारण असतं. तिसरी गोष्ट सॉस आणि स्टॉक, म्हणजे मांस, हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला अर्क. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासे असतात, ऑयस्टर सॉसचं तर नावच बोलतं, आणि स्टॉकचं चिमुकलं पाकीट चिकनचं असू शकतं. इथे नवीन माणूस हमखास फसतो. पाकिटावर ठळक अक्षरात जे घटक छापतात ते अ‍ॅलर्जीसाठी असतात. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये असे 14 गट आहेत, अमेरिकेत 2023 पासून तीळ धरून 9. अंडं, मासे, दूध त्यांत येतं. चिकन, जिलेटिन, रेनेट येत नाही. म्हणजे ठळक काही दिसलं नाही याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे असा होत नाही, बारीक अक्षरं वाचावीच लागतात. मांसाहारी असूनही विशिष्ट मांस टाळणाऱ्यांनी सॉसेज आणि खिम्याच्या पाकिटावर मिश्रण कशाचं आहे ते बघावं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी ही शिकवणी लावा म्हणतो: तुमच्या नव्या स्वयंपाकघराची भाषा. भाषा हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतोय. पहिल्या महिन्यात कार्डावर 'रॉकेट धुऊन घ्या' असं वाचून मी खोका पुन्हा उलटापालटा केला होता. ती एक तिखटसर पालेभाजी निघाली, अमेरिकेत तिलाच अरुगुला म्हणतात. ब्रिटनमधलं ओबर्जीन आणि अमेरिकेतलं एगप्लांट म्हणजे आपलं वांगं. कूर्जेट आणि झुकिनी एकच, काकडीसारखी दिसणारी भाजी. एका देशात कोरिअँडर म्हटलं की कोथिंबीर, दुसऱ्या देशात कोथिंबीर हवी तर सिलँट्रो म्हणायचं, कारण तिथे कोरिअँडर म्हणजे धने. स्प्रिंग अनियन आणि स्कॅलियन दोन्ही पातीचा कांदा. किटमध्ये वस्तू आणि तिचं नाव एकत्र हातात येतं. पुढच्या आठवड्यात दुकानात तीच भाजी नावानिशी ओळखता येते. भाषेचा कुठलाही वर्ग हे इतक्या चटकन शिकवत नाही.

मग ओव्हन. आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यात भाड्याच्या घरातला ओव्हन हा पहिलाच ओव्हन असतो, आणि बरेच जण त्याचं कपाट करून त्यात कढया ठेवतात. कढया बाहेर काढा. कार्डावर 400 लिहिलं असेल तर ते फॅरनहाइट, म्हणजे साधारण 200 अंश सेल्सियस. गोलातल्या पंख्याचं चिन्ह असेल तर तो फॅन ओव्हन, त्यात तापमान 20 अंश सेल्सियसने कमी ठेवायचं. अमेरिकन कार्डावरचं 'ब्रॉइल' आणि ब्रिटिश कार्डावरचं 'ग्रिल' एकच, वरून येणारी प्रखर धग. त्यापुढे उभं राहून लक्ष ठेवा, दोन मिनिटांत चीज सोनेरी होतं आणि तिसऱ्यात काळं. ओव्हन आधी तापवून घ्या म्हणतात ते उगाच नाही, थंड ओव्हनमध्ये भाज्या भाजल्या जात नाहीत, नुसत्या घामेजतात. ट्रेवर गर्दी केली तरी तेच होतं. चिकन शिजलं का हे रंगावरून ठरवू नका, साधा टोचायचा थर्मामीटर घ्या. अमेरिकेतली अधिकृत शिफारस आत 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सियसची आहे. आणि तवा कडक तापवण्याआधी खिडकी उघडा, एग्झॉस्ट चालू करा. आमचा स्मोक अलार्म पहिल्या महिन्यात दोनदा वाजला, त्यातला एकदा पूर्ण मजला बाहेर आला. शेजाऱ्यांशी ओळख अशीही होते.

मापंही शिकून घ्या. टीस्पून 5 मिलिलिटर, टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15, पण ऑस्ट्रेलियात 20. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलिटर, ऑस्ट्रेलियातला 250. मीठ आणि सोया सॉसच्या बाबतीत हा फरक जिभेला कळतो. छोटा डिजिटल काटा घ्या, तो किट संपल्यावरही उपयोगी पडतो.

कार्डावरच्या वेळेवर अजिबात विश्वास ठेवू नका. '30 मिनिटं' हा सराईत हाताचा हिशोब. पहिल्यांदा पाऊण तास ते तास धरा. मी कार्ड आधी पूर्ण वाचतो, सगळं चिरून वाट्यांत ठेवतो आणि मगच गॅस लावतो. असं केलं की तीच वेळ तीन-चार आठवड्यांत खरी वाटू लागते. तिखट आणि मसाला तुमच्या जिभेला बेताचाच वाटेल. त्यात स्वतःचं काही घालायचं असेल तर जरूर घाला, पण कुठलाही पदार्थ पहिल्या वेळी कार्डाप्रमाणेच करून बघा. पहिल्याच दिवशी सगळ्यात आपलं तिखट घातलं तर सगळं एकाच चवीचं होतं आणि शिकवणीचे पैसे वाया जातात.

प्लास्टिकचं म्हणाल तर चित्र दिसतं तितकं सरळ नाही. 2019 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच पदार्थांची तुलना केली. किटमध्ये आवरणाचा कचरा जास्तच होता, तरी दुकानातून सामान आणून केलेल्या त्याच जेवणांचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सरासरी 33 टक्क्यांनी जास्त निघालं. मुख्य कारण म्हणजे दुकानात आणि घरात वाया जाणारं अन्न. जुडीतली अर्धी कोथिंबीर कचऱ्यात जाते ना, तेच. तरीही जेल पॅक सिंकमध्ये ओतू नका, आतला लगदा पाइप तुंबवतो. कापडी पिशवीत दोन-तीन ठेवले तर लांबच्या सहलीला कामी येतात.

थांबायचं कधी? माझी खूण सांगतो. ज्या आठवड्यात तुम्ही यादी बघून "हे तर मी दुकानातून आणून करू शकतो" असं दोनदा म्हणाल, त्या आठवड्यात रद्द करा. तोवर कार्डं फेकू नका, त्यांवर घटक आणि मापं दोन्ही असतात. आम्ही वीसेक कार्डं एका फाइलमध्ये ठेवली होती, आणि आठवड्याची खरेदी करताना त्यातलीच दोन-तीन घेऊन दुकानात जायचो. रद्द करताना 'पॉज' आणि 'कॅन्सल' ही बटणं वेगळी आहेत हे बघा. पॉज केलेलं सबस्क्रिप्शन ठरलेल्या तारखेला पुन्हा सुरू होऊ शकतं. कॅन्सल झाल्याची ईमेल आली नाही तर कॅन्सल झालं नाही असंच धरा, आणि पुढच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट एकदा नजरेखालून घाला.

रद्द केल्यावर काही आठवड्यांनी "परत या" म्हणून पुन्हा सवलतीची ईमेल येते. परीक्षांच्या, बाळंतपणाच्या किंवा घर बदलण्याच्या महिन्यात ती खुशाल वापरा. मोफत खोक्याची कूपनं मिळाली तर ती तुमच्यानंतर आलेल्या कोणालातरी द्या, आणि देताना स्किपची मुदत कोणत्या वारी संपते तेही सांगा.