पट्ट्यांवरच्या व्यायामात अंग थरथरते, पण भार भलतीकडेच जातो: या चुका टाळा

पावसाळ्यात साताऱ्यातील यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी पोट-कंबर बळकट करायची म्हणून सस्पेन्शन ट्रेनिंगचे पट्टे (वर टांगून, खालच्या हँडलमध्ये हात किंवा पाय अडकवून व्यायाम करायचे पट्टे) घेऊन येणारेही त्याच सुमारास वाढतात. त्यांची तक्रार बहुतेकदा एकच असते: व्यायाम करताना अंग भरपूर थरथरते, पण दुसऱ्या दिवशी पोटाऐवजी कंबर धरते.

जमिनीवर पुश-अप काढताना हाताखालची जागा हलत नाही. पट्ट्याचे हँडल मात्र कोणत्याही दिशेला सरकू शकते, त्यामुळे छाती आणि दंडाबरोबरच खांदा जागेवर ठेवणाऱ्या लहान स्नायूंना आणि धड सरळ राखणाऱ्या पोटाच्या स्नायूंनाही राबावे लागते. स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजणाऱ्या ईएमजी चाचण्यांत, साध्या पुश-अपपेक्षा पट्ट्यांवरच्या पुश-अपमध्ये पोटाचा सरळ स्नायू अधिक सक्रिय झालेला आढळला आहे. धडाची रेषा मोडली की हे काम पोटाच्या हातून निसटते. थरथर मात्र चालूच राहते, आणि तिथेच माणूस फसतो.

सर्वांत जास्त बिघडतो तो पाय पट्ट्यात अडकवून केलेला प्लँक, म्हणजे पालथे होऊन अंग फळीसारखे सरळ धरून ठेवणे. कंबर झोळीसारखी खाली लोंबते, पोटाचे स्नायू ताणले जाऊन ढिले राहतात आणि भार कमरेच्या मणक्यांवर येतो. तालमीत जोर मारून तयार झालेल्या गड्यांकडून ही चूक हमखास होते, कारण जोर मारताना कंबर खाली सोडून छाती वर काढण्याची त्यांच्या अंगाला सवय असते. एरवी उत्तम असलेली ती सवय इथे नडते. मी अशा वेळी झाडूचा दांडा पाठीवर आडवा न ठेवता उभा ठेवतो. तो डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकला पाहिजे आणि कमरेपाशी जेमतेम तळहात सरकेल एवढीच फट राहिली पाहिजे. तिथे मूठ मावू लागली, की घड्याळात कितीही सेकंद झालेले असोत, तो प्लँक तिथेच थांबवावा. नितंब आवळून, श्वास सोडत बरगड्या खाली ओढल्यास फट बहुधा लगेच कमी होते. पट्ट्यांची लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत ठेवावी. नीट केलेले पंधरा सेकंद लोंबकळत काढलेल्या मिनिटापेक्षा केव्हाही बरे.

रो मारताना, म्हणजे पट्ट्याकडे तोंड करून मागे रेलून हातांनी अंग वर ओढताना, चूक कोनाची होते. पट्टा जिथे टांगला आहे त्याच्या जितके जवळ पाय, तितके अंग आडवे आणि तितका भार जास्त. हाच नियम पाठ फिरवून, पुढे झुकून हँडल ढकलत केलेल्या चेस्ट प्रेसलाही लागू पडतो. हौशी मंडळी पहिल्याच दिवशी आडवी होतात, मग खांदे कानांपर्यंत चढतात आणि पाठीच्या मधल्या स्नायूंनी करायचे काम मान आणि दंड करू लागतात. दोन पावले मागे यावे, आधी खवाटे एकमेकांकडे ओढावेत आणि त्यानंतरच कोपर वाकवावे.

चेस्ट प्रेसनंतर दंडावर पट्ट्याचे लाल वळ दिसले तर हात किंचित वर धरून पाहावेत. मनगट मात्र मागे मोडू देऊ नये.

चढ धावणाऱ्यांना नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची गरज अधिक, म्हणून ते उताणे झोपून, टाचा पट्ट्यात घालून हॅमस्ट्रिंग कर्ल करतात. टाचा जवळ ओढताना नितंब खाली येऊ दिले की त्यांच्यावरचा भार सुटतो. आधी नितंब उचलावेत, ते तसेच ठेवून टाचा ओढाव्यात, आणि गोळा येत असेल तर काही दिवस केवळ उचलून धरण्यावर भागवावे.

टांगण्याच्या जागेबद्दल थोडक्यात: जुन्या वाड्याची तुळई दिसायला दणकट असली तरी वाळवी लागली आहे का ते आधी पाहावे. दारावर पट्टा अडकवायचा असेल तर ज्या बाजूने ओढल्यावर दार चौकटीवर घट्ट बसते त्याच बाजूला उभे राहावे आणि कडी लावून घ्यावी, नाहीतर पाहुणे दार ढकलतात आणि माणूस भुईवर येतो.