फेडरल रजिस्टरमधली नोटीस: आधी कुठे बघायचं?

अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांची झोप उडवण्यात व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचा फार मोठा वाटा असतो. ‘एच-४ चं वर्क परमिट बंद’ (एच-४ म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा), ‘ओपीटी रद्द’ (ओपीटी म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्या विषयात तात्पुरतं काम करायची परवानगी), ‘व्हिसाचा नवा नियम आजपासून लागू’. रात्री मेसेज येतो, आणि सकाळपर्यंत पुण्याहून आईचा फोन येतो, कारण तिकडे टीव्हीवर तीच बातमी आणखी रंगवून दाखवलेली असते. मी इथे बरीच वर्षं आहे आणि दरवर्षी नव्याने आलेली मुलं-मुली याच फेऱ्यातून जाताना बघते. त्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: मूळ कागद स्वतः उघडा. तो फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे, आणि त्याचं पहिलं पान वाचायला वकील लागत नाही.

हा मूळ कागद फेडरल रजिस्टरमध्ये असतो. फेडरल रजिस्टर म्हणजे इथल्या केंद्र सरकारचं राजपत्र. १९३५ साली त्यासाठी कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी पहिला अंक निघाला. सोमवार ते शुक्रवार, सरकारी सुट्टीचे दिवस सोडून, रोज नवा अंक येतो. सगळ्या खात्यांचे नियम, नियमांचे प्रस्ताव, सूचना आणि राष्ट्राध्यक्षांचे आदेश त्यात छापले जातात. फेडरलरजिस्टर डॉट जीओव्ही या साइटवर शोधलं की सापडतं. बहुतेक कागद तर छापून येण्याच्या आदल्या दिवशीच सकाळी ‘पब्लिक इन्स्पेक्शन’ या भागात वाचायला मिळतात.

कायदा काँग्रेस, म्हणजे इथली संसद, करते, पण रोजच्या जगण्यात आपल्याला भिडतात ते खात्यांनी केलेले नियम. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा व्हिसा, कायद्यात आहे, वर्षाला ६५ हजारांची मर्यादाही कायद्यात आहे. मात्र अर्ज जास्त आले तर लॉटरी कशी काढायची, हे नियमाने ठरतं. पूर्वी एकाच माणसासाठी चार कंपन्यांनी नोंदणी केली तर त्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या पडायच्या. २ फेब्रुवारी २०२४ रोजी छापलेल्या नियमाने ते बंद केलं आणि त्या वेळी एका माणसाला एकच संधी ठेवली. त्यासाठी कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

आता कागद उघडल्यावर काय बघायचं? वरच्या बाजूला खात्याचं नाव असतं आणि त्याखाली ‘ॲक्शन’ असं लिहिलेली एक ओळ असते. माझ्या मते अख्ख्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. तिथे ‘प्रपोज्ड रूल’ असेल तर तो फक्त प्रस्ताव आहे. आज काहीही बदललेलं नाही. आपल्याकडे महापालिका विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवते, तसाच हा प्रकार. ‘फायनल रूल’ असेल तर नियम पक्का झाला, फक्त लागू कधी होणार ते बघायचं. ‘इंटरिम फायनल रूल’ असेल तर जपून वाचा, कारण तो आधी लागू होतो आणि हरकती नंतर मागवतात. नुसतं ‘नोटीस’ असेल तर बहुधा फॉर्ममधला बदल, बैठक, मुदतवाढ असं काहीतरी असतं. अर्थात काही नोटिसाही महत्त्वाच्या असतात, म्हणून खालचा सारांश वाचल्याशिवाय बाजूला टाकू नका.

२८ ऑगस्ट २०२५ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाबद्दल एक प्रस्ताव छापून आला. एफ-१ च्या आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीवर, ठरावीक तारखेऐवजी ‘डी/एस’ असतं, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर राहता येतं. त्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरलेली मुदत द्यावी, असं प्रस्तावात म्हटलं होतं. प्रस्ताव गंभीर होता, पीएचडी करणाऱ्या मुलांनी काळजी करावी असाच होता. पण त्या दिवशी एकाही विद्यार्थ्याच्या आय-९४ वरचं एक अक्षरही बदललं नाही. ॲक्शनच्या ओळीत प्रपोज्ड रूल लिहिलेलं होतं आणि हरकतींसाठी २९ सप्टेंबरपर्यंतची मुदत होती. ‘डी/एस रद्द झालं’ हे वाक्य त्या दिवशी खोटं होतं. ‘डी/एस रद्द करायचा प्रस्ताव आला आहे, महिनाभरात लिहून कळवा’ हे खरं होतं. पहिल्या वाक्याने माणूस हातपाय गाळून बसतो आणि दुसऱ्याने कामाला लागतो.

प्रस्तावाच्याही आधीची एक पायरी असते. खाती वर्षातून दोनदा आपल्या बेतांची यादी काढतात, तिला ‘युनिफाइड अजेंडा’ म्हणतात. या यादीत एखादा विषय आला म्हणजे नियम आला असं अजिबात नाही. एच-४ वर्क परमिटचंच बघा. तो नियम २५ फेब्रुवारी २०१५ ला छापला आणि २६ मे २०१५ पासून लागू झाला. २०१७ च्या अखेरीस तो मागे घेण्याचा बेत अजेंडावर आला आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथेच राहिला. २०१९ मध्ये मसुदा व्हाइट हाउसच्या तपासणीला गेल्याची बातमीही आली. मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये मात्र कधीच छापला गेला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो परत घेतला गेला. त्या काळात माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलीने ‘बंदच होणार आहे तर कशाला’ म्हणून नोकरी शोधणंच सोडून दिलं. जो नियम कधी आलाच नाही, त्याच्या भीतीत तिची उमेदीची वर्षं गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी हे इतकं लांबण लावून सांगते आहे.

ॲक्शननंतर ‘डेट्स’ हा भाग. इथे तीन वेगवेगळ्या तारखा असू शकतात: छापल्याची, लागू होण्याची आणि हरकती संपण्याची. फॉरवर्डमध्ये नेमका यांचाच गोंधळ होतो. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार, नियम छापल्यापासून लागू होईपर्यंत साधारण ३० दिवस जावे लागतात. मोठा आर्थिक परिणाम असलेल्या नियमांना, दुसऱ्या एका कायद्यानुसार, ६० दिवस. यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याच्या, फीवाढीचा नियम ३१ जानेवारी २०२४ ला छापला आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्या वर्षीची एच-१बी नोंदणी मार्चमध्येच झाली, त्यामुळे तिला जुनीच १० डॉलरची फी लागली. २१५ डॉलर लागले ते पुढच्या वर्षीपासून. तारखांचा भाग वाचणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पण दर वेळी इतका अवधी मिळेलच असं समजू नका. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी एक इंटरिम फायनल रूल छापला आणि त्याच दिवशी लागू झाला. तोवर अनेक प्रकारच्या वर्क परमिटचं नूतनीकरण वेळेत भरलं की जुन्या परमिटला ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. एच-४ वाल्यांनाही, आय-९४ ची मुदत असेल तोवर, ती मिळायची. त्या दिवसापासून भरलेल्या अर्जांना ती मिळेनाशी झाली. आधी भरलेल्या अर्जांना मिळालेली वाढ मात्र कायम राहिली. म्हणजे प्रश्न फक्त ‘नियम कधी लागू’ एवढाच नसतो, ‘कोणत्या तारखेनंतरच्या अर्जांना लागू’ हाही असतो, आणि त्याचं उत्तर थोडं आत शोधावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून भरता येतो. तो पहिल्याच आठवड्यात भरून मोकळे व्हा.

राष्ट्राध्यक्षांच्या घोषणा आणि आदेशही फेडरल रजिस्टरमध्येच छापतात, पण त्यांना हरकती-सूचनांचा टप्पा नसतो. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. एच-१बी साठी एक लाख डॉलर भरण्याच्या घोषणेवर सही झाली आणि ती रविवारी, २१ तारखेला मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने लागू होणार होती. सोमवारी घटस्थापना होती. गावी गेलेले लोक घट बसायच्या आधीच विमानतळाकडे धावले. घोषणेचा मजकूर सगळ्या शंका मिटवणारा नव्हता, त्यामुळे घाबरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. शनिवारी यूएससीआयएसने खुलासा केला की आधी दाखल झालेल्या अर्जांना आणि हातात असलेल्या व्हिसांना हे लागू नाही. अशा वेळी घोषणेइतकंच खात्याचं स्पष्टीकरण महत्त्वाचं. तिकीट काढण्याआधी किंवा रद्द करण्याआधी यूएससीआयएसची साइट बघा आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा.

आई-बाबा भेटीला येतात तेव्हाही या वाचनाचा उपयोग होतो. १२ मार्च २०२५ रोजी परदेशी नागरिकांच्या नोंदणीबद्दल एक इंटरिम फायनल रूल आला, ११ एप्रिलपासून लागू. लगेच मेसेज फिरले की ३० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या सगळ्यांनी नवा फॉर्म भरायचा, नाहीतर दंड. माझ्या शेजारच्या जोडप्याकडे साताऱ्याहून आई-वडील आले होते. वडील म्हणाले, या वयात पोलिसांचं झेंगट नको, मला परत पाठव. आम्ही चौघं-पाचजण जेवणाच्या टेबलावर बसलो, नियम उघडला आणि शोधपट्टीत आय-९४ टाकलं. ज्याच्याकडे आय-९४ आहे त्याची नोंदणी झालेलीच धरली जाते, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मुलाने दोघांचे आय-९४ सीबीपीच्या (सीमा आणि विमानतळावर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) साइटवरून काढून छापले आणि पासपोर्टमध्ये घालून दिले. अठरा वर्षांवरच्यांनी नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो, तेवढंच काम होतं. काका ठरल्याप्रमाणे पूर्ण मुक्काम करून गेले.

त्याच वाचनात एक गोष्ट मात्र खरी निघाली, आणि ती फॉरवर्डमध्ये नव्हती. इथे राहत असताना जे मूल चौदा वर्षांचं होतं, त्याची पुन्हा नोंदणी वाढदिवसापासून ३० दिवसांत करावी लागते, आधी नोंदणी झालेली असली तरी. एच-४ वरच्या मुलांच्या आई-वडिलांनी ही तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

आता हरकती-सूचनांबद्दल. आपले लोक इथे मागे राहतात, आणि ते मला मनापासून खटकतं. ‘आपण नागरिक नाही, आपलं कोण ऐकणार?’ असं वाटतं. प्रस्तावावर मत मांडायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना अंतिम नियमात उत्तर देणं खात्याला भाग असतं, नाहीतर नियम कोर्टात अडकू शकतो. स्टेम ओपीटीची, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांना ओपीटीत मिळणाऱ्या वाढीची, गोष्ट त्यासाठी लक्षात ठेवा. २००८ मध्ये १७ महिन्यांची वाढ देणारा नियम हरकती न मागवताच लागू केला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाने नेमक्या त्याच कारणासाठी तो रद्द ठरवला, पण नव्या नियमासाठी सरकारला वेळ दिला. ऑक्टोबरमध्ये नवा प्रस्ताव आला आणि त्यावर पन्नास हजारांच्या वर मतं आली. ११ मार्च २०१६ ला अंतिम नियम छापला, १० मेपासून लागू झाला. २४ महिन्यांची वाढ त्यातूनच आली.

मत लिहायचं ते रेग्युलेशन्स डॉट जीओव्हीवर. नोटिशीत डॉकेट नंबर, म्हणजे त्या प्रस्तावाच्या फाइलचा क्रमांक, दिलेला असतो, तो तिथे टाकला की लिहायची जागा उघडते. कुठल्यातरी संघटनेचा तयार मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. ही मतमोजणी नाही, एकाच मजकुराच्या हजार प्रतींना एका मुद्द्याइतकंच वजन मिळतं. प्रस्तावातला कोणता परिच्छेद, त्याने तुमच्या शिक्षणावर, नोकरीवर किंवा घरावर नेमका काय परिणाम होईल, आणि त्याऐवजी काय करता येईल, एवढं साध्या इंग्रजीत एका पानात लिहा. तुमची प्रयोगशाळा, तुमच्या पीएचडीला खरोखर लागलेली वर्षं, मुलाची शाळा असे तपशील कामाला येतात, रागाने लिहिलेली चार पानं येत नाहीत. लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतं, म्हणून पासपोर्ट नंबर, ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला तुमचा क्रमांक), सोशल सिक्युरिटी नंबर, घरचा पत्ता यातलं काहीही घालू नका. नाव न देताही मत नोंदवता येतं. मुदतीची वेळ ईस्टर्न टाइमप्रमाणे असते, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी तीन तास आधी संपतंय असं धरून चाला. पाठवल्यावर एक ट्रॅकिंग नंबर येतो, तो जपून ठेवा. पुढे अंतिम नियम छापला की त्यातला मतांना उत्तरं देणारा भाग उघडा आणि तुमचा मुद्दा आला आहे का ते शोधा.